छंदी संग्राहकांतील रोप-विनिमय : कीटकभक्षी वनस्पती व आमरी

कीटकभक्षी वनस्पती व आमरी (ऑर्किड) यांची जोपासना करणाऱ्या छंदी संग्राहकांत रोपांची देवाणघेवाण चालते. हा विनिमय संवर्धनास पूरक की मारक, हे रोपाच्या उगमावर अवलंबून असते.

साताऱ्याजवळील कास पठारावर दवबिंदू व सीतेची आसवे या वनस्पती नत्र कमी असलेल्या मातीच्या पातळ थरात वाढतात व ती उणीव कीटकांपासून भरून काढतात. म्हणूनच हिमायतनगरसारख्या ठिकाणी खतावलेली काळी माती व कूपनलिकेचे क्षारयुक्त पाणी त्यांना मारक ठरते. साठविलेले पावसाचे पाणीच मानवते. आमरीच्या सूक्ष्म बीजात अन्नसाठा नसल्याने निसर्गात ते बुरशीच्या साहाय्यानेच रुजते. परिणामी उपटलेल्या रोपाची जागा सहजासहजी भरून येत नाही.

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ मधील १९९१ च्या दुरुस्तीने मेघालयातील घटपर्णी व निळा वांडा यांना संरक्षण लाभले. याउलट विभाजन वा ऊतिसंवर्धनाने वाढविलेली रोपे वाटल्यास वन्य साठ्यावरील भार घटतो, शिवाय एकाकडील रोप दगावले तरी ते वाण दुसऱ्याकडे टिकते. सारांश, वनस्पतिशास्त्राच्या अभ्याससहलीत रोप उपटण्याऐवजी त्याची नोंद घेण्याची सवय विद्यार्थ्यांना लावणे, हे अध्यापकांचे कर्तव्य ठरते.