मोहाची दारू

मोहाची दारू हे मोहाच्या वाळवलेल्या फुलांपासून काढले जाणारे ऊर्ध्वपातित मद्य आहे. मध्य भारताच्या वनप्रदेशात ते प्रचलित असून चंद्रपूर व गडचिरोली जिल्ह्यांत गोंड, माडिया आदी समाजांच्या देवपूजेत, लग्नकार्यात व मृत्युविधीत त्याला स्थान आहे. द्राक्षाच्या वाइनप्रमाणे ते केवळ आंबवलेले पेय नसते. आंबवल्यानंतर ते भट्टीवर चढवावे लागते.

फूल

मोह (मधुका लॉंगिफोलिया) हा चिकूच्या कुळातील पानझडी वृक्ष होय. त्याचा रुंद पानांचा ‘लॅटिफोलिया’ हा प्रकार मध्य भारतात, तर अरुंद पानांचा प्रकार मुख्यतः दक्षिणेत आढळतो. मार्च-एप्रिलमध्ये त्याची मांसल, पिवळट पांढरी, शर्करायुक्त फुले पहाटे गळतात. ती वेचण्यासाठी माणसे अंधारातच जंगलात जातात. अस्वलालाही हे फूल आवडते आणि या जिल्ह्यांत वाघांचा वावर मोठा आहे. मोहफुले वेचताना वाघाच्या हल्ल्यात माणसे दगावल्याच्या घटना येथे वारंवार घडतात. झाडाखालचा पाचोळा जाळल्याने वणवे लागतात, हा दुसरा प्रश्न. वाळल्यावर फुले तांबूस तपकिरी होतात. ती भाजून वा उकडून खाल्लीही जातात, त्यामुळे मोहाकडे केवळ दारूचा कच्चा माल म्हणून पाहणे अपुरे ठरते.

निर्मिती व प्रकार

वाळलेली फुले काही दिवस पाण्यात भिजवून आंबवतात. या आंबवणाला ‘सडवा’ म्हणतात. तो भांड्यात तापवून निघणारी वाफ नळीवाटे थंड पाण्यात ठेवलेल्या दुसऱ्या भांड्यात नेतात व तेथे तिचे द्रवात रूपांतर होते. प्रारंभी उतरणारी दारू सर्वांत तीव्र असते. ‘पहिल्या धारेची’ हा मराठीत रूढ झालेला शब्दप्रयोग त्यावरूनच आला. पुढील धारेत मद्यार्क घटत जातो. मोहाच्या दारूचे प्रकार फुलाच्या जातीपेक्षा अशा धारेवरून ओळखले जातात. फुले नीट वाळली नाहीत तर बुरशी धरतात व दारूला कुबट वास येतो. विक्रीसाठी काढलेल्या हातभट्टीच्या दारूत गूळ व नवसागर मिसळण्याचे प्रकार घडतात. विधीसाठी घरी काढलेल्या दारूशी तिची गल्लत करू नये.

कायदा

मुंबई दारूबंदी अधिनियम, १९४९ (आता महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम) यात मद्याबरोबर मोहफुलांवरही नियंत्रण होते. फूल अन्न असूनही ते बाळगणे त्यामुळे परवान्याचा विषय बनले. हे निर्बंध राज्य शासनाने २०२१ मध्ये शिथिल केले. गडचिरोलीत लोकचळवळीनंतर १९९३ पासून दारूबंदी आहे. चंद्रपुरात ती १ एप्रिल २०१५ पासून लागू झाली व २०२१ मध्ये उठवण्यात आली. दोन्ही ठिकाणी बंदीच्या मागणीत स्त्रिया अग्रभागी होत्या, त्यांत आदिवासी स्त्रियाही होत्या. दारू विधीत आवश्यक मानणाऱ्या समाजातूनच तिच्या विक्रीला विरोध झाला, हे येथील वादाचे वैशिष्ट्य. अनुसूचित क्षेत्रांना लागू असलेल्या १९९६ च्या पेसा कायद्याने मादक पदार्थांवर बंदी वा नियमन करण्याचे अधिकार आणि गौण वनोपजाची मालकी या दोन्ही बाबी ग्रामसभा व पंचायतींच्या कक्षेत आणल्या आहेत.