रेस अडकली? आधी गाडीत वायर आहे का ते बघा

डिझेल गाडीच्या पेडलवरून पाय काढला तरी रेस खाली येत नाही, असं म्हटलं की गॅरेजपासून सोसायटीच्या पार्किंगपर्यंत एकच सल्ला मिळतो: ‘वायर सुकली असेल, तेल सोडा.’ आज रस्त्यावरच्या बहुतेक डिझेल गाड्यांत ही वायरच नसते. तरीही लोक पेडलच्या सांध्यात तेल, स्प्रे, कधी ग्रीससुद्धा भरतात आणि तशीच गाडी घाटात नेतात. हे थांबायला हवं.

वायर होती ती जुन्या गाड्यांत. पेडलपासून निघालेली तार थेट इंधनपंपाच्या लिव्हरला जोडलेली असे. तारेचे पीळ उसवतात, नळीत गंज धरतो, पंपाचा लिव्हरही जाम होतो. अशा गाडीत तपास सोपा आहे. इंजिन बंद ठेवून तार पंपाकडून सोडवायची आणि लिव्हर हाताने फिरवून सोडायचा. तो झटकन मागे आला तर दोष तारेत किंवा पेडलमध्ये, रेंगाळला तर पंपाच्या बाजूला. उसवलेली तार बदलायचीच असते. तेलाने तुटलेले पीळ जुळत नाहीत.

प्रवासी मोटारींमध्ये इंधनाचं नियंत्रण इलेक्ट्रॉनिक असलेलं कॉमन रेल इंजिन १९९७ पासून येऊ लागलं आणि हा सगळा मामला बदलला. आता पेडल काहीच ओढत नाही. त्यातले दोन सेन्सर पेडल किती दाबलं ते इंजिनाच्या संगणकाला (ईसीयू) कळवतात आणि इंधन किती सोडायचं ते ईसीयू ठरवतो. पेडल परत आणणं हे स्प्रिंगचं काम. पायाला जुन्या तारेसारखा ताण लागावा म्हणून पेडलमध्ये मुद्दाम थोडं घर्षण ठेवलेलं असतं. तिथे तेल गेलं की त्यावर धूळ बसते आणि चिकटपणा उलट वाढतो.

पटत नसेल तर टोयोटाचं उदाहरण घ्या. जानेवारी २०१० मध्ये कंपनीने अमेरिकेत सुमारे २३ लाख गाड्या परत बोलावल्या, त्या याच घर्षणाच्या भागामुळे. झिजलेले पृष्ठभाग दमटपणात एकमेकांना धरून बसत आणि पेडल सावकाश परते. गाड्या पेट्रोलच्या होत्या, पण पेडलचं तत्त्व तेच. उपाय तेलाचा नव्हता: आत पोलादी पट्टी बसवली गेली.

मग तपासायचं कसं? मॅट काढा, इंजिन बंद ठेवा, पेडल हाताने सावकाश दाबून सोडा. रेंगाळलं तर पूर्ण पेडल बदला. नीट परतलं तर स्कॅनर लावून पेडलचं चालू रीडिंग बघा. रीडिंग मूळ जागी येतं आणि रेस चढलेलीच राहते, तर पेडल निर्दोष आहे. गळके इंजेक्टर, टर्बोतून येणारं तेल तपासा.

‘सगळा इलेक्ट्रॉनिक्सचा घोळ’ हेही खूप ऐकू येतं. दोन सेन्सरांचा मेळ बसला नाही तर ईसीयू पी२१३८सारखा कोड नोंदवून इंजिनाची ताकद कमी करतो. गाडी पळत सुटत नाही. टोयोटा प्रकरणात नासाच्या अभियंत्यांनी केलेल्या तपासणीतही (अहवाल फेब्रुवारी २०११) गाडी धोकादायक वेगाने पळत सुटेल अशा इलेक्ट्रॉनिक दोषाचा पुरावा मिळाला नाही.

‘मॅटने काय होतंय?’ ऑगस्ट २००९ मध्ये सॅन दिएगोजवळ दुसऱ्या मॉडेलच्या मॅटमध्ये लेक्ससचं पेडल अडकलं आणि चौघांचा जीव गेला.

‘थ्रॉटल बॉडी धुवा.’ डिझेलमध्ये वेग इंधनाच्या मात्रेवर ठरतो. हवेची झडप असली तरी ती पेडलला जोडलेली नसते.

‘रेस अडकलेली असताना क्लच दाबला तर इंजिन फुटेल.’ इंधनपुरवठ्यावर कमाल वेगाची मर्यादा असते. इंजिन किंचाळेल, पण गाडी हातात राहील.

‘लगेच चावी काढा.’ धावत्या गाडीत चावी काढली तर स्टिअरिंग लॉक होऊ शकतं. ब्रेक एकदाच जोरात दाबून धरा, गाडी न्यूट्रलमध्ये टाका, कडेला थांबवा आणि मग इंजिन बंद करा. टर्बोतलं तेल पिऊन पळणारं इंजिन मात्र चावीनेही थांबत नाही. मॅन्युअल गाडी असेल तर उभ्या गाडीत ब्रेक दाबून वरचा गिअर टाका, क्लच झटकन सोडा आणि इंजिन बंद पाडा.

पायाखाली एकावर एक दोन मॅट असतील तर वरची आजच काढा. पेडल एकदा जरी रेंगाळलं असेल, तर दुरुस्ती होईपर्यंत ती गाडी चालवू नका.