धावपट्टी आणि तारपा : आदिवासी युवकांची क्रीडासंमेलने कशासाठी?

तारपा वाजू लागला की फेरातल्या नाचणाऱ्याने त्याच्याकडे पाठ करायची नाही, हा वारली समाजाचा जुना दंडक आहे. वाळवलेला दुधी, बांबूच्या नळ्या आणि ताडाची पाने यांतून घडलेले हे वाद्य फुंकणारा तारपकरी जिकडे वळेल, तिकडे कमरेत हात गुंफलेली रांग वळते. सूर बदलला की पावले बदलतात. भातकापणीच्या हंगामात हा नाच रात्र रात्र चालतो. त्याला लागणारा दम, तोल आणि पावलांचा मेळ पाहिला, तर व्यायाम कोठे संपला आणि कला कोठे सुरू झाली हे सांगणे अवघड जाते. आदिवासी युवकांच्या क्रीडासंमेलनांत शर्यतीच्या शेजारी नृत्य का असते, याचे उत्तर इथे सापडते. अनेक कार्यक्रमपत्रिकांत मात्र तारप्याला पाहुण्यांच्या स्वागतापुरतीच जागा मिळते, हा त्या परंपरेचा अर्धामुर्धा सन्मानच म्हणायचा.

या प्रश्नाची धार दादरा व नगर हवेलीतील सुरंगीसारख्या गावात अधिक जाणवते. 1954 च्या मुक्तिलढ्यात आझाद गोमंतक दलाचा सहभाग असल्याने हा प्रदेश गोमंतकीय वाचकांना परका नाही. वारली, धोडिया, कोकणा, काथोडी हे येथील मूळ रहिवासी. 2001 च्या जनगणनेत प्रदेशाच्या लोकसंख्येत अनुसूचित जमातींचा वाटा सुमारे 62 टक्के होता. 2011 मध्ये 3,43,709 लोकसंख्येत तो 52 टक्क्यांवर आला. आदिवासी घटले नाहीत. कारखानदारीमागोमाग बाहेरून माणसे आली. सुरंगीच्या शिवारातही कारखाने उभे राहिले. ज्या तरुणाचे आजोबा कापणी आटोपून रात्रभर फेर धरीत, तो आज रात्रपाळीला जातो. नाच टिकण्यासाठी आवड लागते, तसाच मोकळा वेळही लागतो. आणि तो वेळच आता पाळीच्या भोंग्याशी बांधलेला आहे.

शेजारच्या महाराष्ट्रात आदिवासी विकास विभागाच्या आश्रमशाळांच्या क्रीडास्पर्धा प्रकल्प, विभाग आणि राज्य अशा पायऱ्यांनी होतात. ठाणे, नाशिक, अमरावती आणि नागपूर हे चार विभाग एकमेकांसमोर उभे राहतात. कबड्डी, खो-खो, धावणे हा त्यांचा गाभा. पाड्यावरच्या मुलाला आपल्या तालुक्याबाहेरचे जग दाखवणारी ही बहुधा पहिलीच वाट असते. धावण्यातून काय घडू शकते, याची उदाहरणे याच डोंगरपट्ट्यात आहेत. नाशिक जिल्ह्यातील सावरपाड्याची कविता राऊत 2010 च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत दहा हजार मीटरमध्ये कांस्यपदक घेऊन आली, त्याच वर्षी आशियाई स्पर्धेत तिने याच अंतरात रौप्य मिळवले. डांगची सरिता गायकवाड आधी खो-खो खेळत असे. 2018 च्या आशियाई स्पर्धेत चार गुणिले चारशे मीटर रिलेत सुवर्ण जिंकणाऱ्या भारतीय संघात ती होती. डांगच्याच मुरली गावितने 2019 च्या आशियाई अजिंक्यपद स्पर्धेत दहा हजार मीटरचे कांस्यपदक मिळवले.

येथे एक पेच आहे. महाराष्ट्रात शासकीय नोकऱ्यांत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे, पण ते मान्यताप्राप्त खेळांतील प्रमाणपत्रावर. धावणे, तिरंदाजी, कबड्डी त्यात बसतात. गावचे खेळ बसत नाहीत. साहजिकच पालक आणि शिक्षक प्रमाणपत्राच्या बाजूने झुकतात, आणि त्यांना दोष देता येत नाही. छत्तीसगडने यावर वेगळा प्रयोग केला. 6 ऑक्टोबर 2022 रोजी सुरू झालेल्या छत्तीसगढिया ऑलिम्पिकमध्ये गेडी, म्हणजे बांबूच्या उंच पायांवरची शर्यत, विटीदांडू, भोवरा, फुगडी आणि लंगडी हे खेळ कबड्डी व शंभर मीटर धावण्याच्या पंक्तीला बसले. स्पर्धकांत अठरा वर्षांखालील मुलांप्रमाणे चाळिशी ओलांडलेलेही होते, ही त्यातली सर्वांत शहाणपणाची गोष्ट. नातवाला गेडीवर तोल कसा सांभाळायचा, हे दाखवणारा माणूस मैदानात हवाच.

परदेशांतही हाच शोध चालू आहे. अलास्कातील फेअरबँक्स येथे 1961 पासून भरणाऱ्या स्पर्धांत उंच टांगलेल्या चेंडूला उडी मारून पायाने स्पर्श करायचा खेळ असतो; शिकार मिळाल्याची खबर गावाला दुरून कळवण्याची ती जुनी खूण असल्याचे सांगतात. ब्राझीलमधील मूलनिवासी खेळ 1996 मध्ये सुरू झाले आणि 2015 मध्ये पाल्मास शहरात जागतिक मेळावा भरला. तेथील जमाती झाडाचा जड ओंडका खांद्यावरून खांद्यावर देत धावतात. कोण आधी पोहोचले, याला त्या धावण्यात फारसे महत्त्व नसते. पदकतालिकेच्या सवयीने पाहणाऱ्याला हे विचित्र वाटेल. तारप्याच्या फेरातही कोणी पहिला येत नाही, हे आठवले की उलगडा होतो.

सुरंगीच्या परिसरात असे संमेलन भरवणाऱ्यांपुढचे प्रश्न अगदी साधे आहेत. तारीख भाताच्या कामांआधी ठेवायची की नंतर? रात्रपाळी करून आलेल्या मुलाची शर्यत सकाळी आठला ठेवायची का? तिरंदाजीसाठी बांबूचे धनुष्य चालेल, की स्पर्धेचे महागडेच हवे? आणि तारपकऱ्याला दहा मिनिटे द्यायची की अख्खी संध्याकाळ? निदान त्याच्याकडून वाद्य घडवण्याची कला शिकू पाहणाऱ्या दोन-चार पोरांना त्याच्या शेजारी बसवता येईल. त्यासाठी दुधीचा वेल मात्र पावसाळ्यातच लावावा लागतो.