मुलांचे पाय वाकडे दिसतात? कधी वाट पाहावी आणि कधी डॉक्टरांना दाखवावे

माळेगावच्या खंडोबा यात्रेत किंवा सारंगखेड्याच्या बाजारात घोडा घेणारा जाणकार माणूस आधी पाय पाहतो. समोर उभा राहून तो खांद्यापासून खुरापर्यंतची रेषा सरळ आहे का, गुडघा आत किंवा बाहेर झुकला आहे का, हे तपासतो. रेषा बिघडली की वजन सांध्याच्या एकाच बाजूवर पडते आणि घोडा पुढे लंगडण्याची शक्यता वाढते. आपल्या गुडघ्यांनाही हाच नियम लागू आहे. म्हणून मुलांचे पायही असेच समोरून पाहायला हवेत.

वयाप्रमाणे काय नॉर्मल असते?

- जन्मापासून साधारण दोन वर्षांपर्यंत: पाय धनुष्यासारखे बाहेर वाकलेले दिसतात.
- तीन ते चार वर्षे: गुडघे एकमेकांना लागतात आणि घोटे लांब राहतात.
- सात वर्षांच्या आसपास: पाय बहुतेक सरळ होतात.

त्यामुळे "मोठा झाला की होतील सरळ" हे आजीचे म्हणणे बहुतेक मुलांच्या बाबतीत खरे ठरते. अशा मुलांना पट्ट्या किंवा खास बुटांची गरज नसते. तेल लावून पाय ओढल्यानेही हाड सरळ होत नाही.

घरी कसे पाहाल?

मुलाला चड्डीवर, गुडघ्याच्या वाट्या समोर येतील असे उभे करा. घोटे जुळवल्यावर गुडघ्यांमध्ये किती अंतर राहते ते पाहा. मग गुडघे जुळवून घोट्यांमधले अंतर पाहा. दर सहा महिन्यांनी समोरून एक फोटो काढून ठेवा. बाक वाढतो आहे की कमी होतो आहे, हे त्यावरून लगेच कळते.

डॉक्टरांना कधी दाखवावे?

- एकच पाय वाकडा असेल किंवा एक पाय दुसऱ्यापेक्षा जास्त वाकडा असेल
- दोन वर्षांनंतर बाहेरचा बाक वाढत असेल किंवा तीन वर्षांनंतरही टिकून असेल
- सात वर्षांनंतर घोट्यांमध्ये 8 सेंटीमीटरपेक्षा जास्त अंतर राहत असेल
- मूल लंगडत असेल, पाय दुखत असतील किंवा उंची वयाच्या मानाने कमी असेल
- मनगटे रुंद, सुजल्यासारखी दिसत असतील

शेवटच्या दोन मुद्द्यांमध्ये मुडदुसाची शंका घ्यावी लागते. ड जीवनसत्त्व किंवा कॅल्शियम कमी पडले की वाढते हाड मऊ राहते आणि शरीराच्या वजनाने वाकते. मनगट व गुडघ्याचा एक्स-रे आणि रक्ताची तपासणी केल्यावर निदान होते. लहान वयात उपचार सुरू झाले तर बरेच पाय शस्त्रक्रियेशिवाय सरळ होतात. ड जीवनसत्त्वाचे इंजेक्शन किंवा मोठे डोस मनाने देऊ नका. ते जास्त झाले तर किडनीला इजा होऊ शकते. गावातल्या बोअरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त असेल तर त्यानेही हाडे वाकतात. पिण्याच्या पाण्यात ते लिटरमागे 1.5 मिलिग्रॅमच्या वर नसावे.

वेळ का महत्त्वाची?

शिंगराचे पायही जन्मतः किंचित वाकडे असू शकतात आणि पुष्कळदा ते आपोआप सुधारतात. पण जे सुधारत नाहीत, त्यांच्यावर पहिल्या काही आठवड्यांत किंवा महिन्यांतच उपाय करावा लागतो. मुलांमध्ये ही मुदत काही वर्षांची असते. हाडाच्या टोकाशी असलेली वाढीची चकती उघडी आहे तोवर छोटी प्लेट बसवून वाढीला दिशा देता येते. चकती बंद झाल्यावर मात्र हाड कापून सरळ करावे लागते. काहीच केले नाही, तर बाहेर वाकलेल्या पायात गुडघ्याची आतली बाजू आणि आत वाकलेल्या पायात बाहेरची बाजू लवकर झिजू शकते.

अंबड परिसरात काय कराल?

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा तपासणी करते. त्या दिवशी मुलाला घरी ठेवू नका, आणि पायांबद्दल तुम्ही स्वतः विचारा. ऊसतोडीला जाणार असाल तर निघण्याआधीच दाखवून घ्या. पुढच्या हंगामापर्यंत थांबलात, तर मुलाच्या वाढीचे एक वर्ष हातचे जाते.