हद्दीत आलेलं गाव

येरवडा म्हटलं की महाराष्ट्राला आधी तुरुंग आठवतो, मग मनोरुग्णालय. त्या भिंतींच्या आड मुळा-मुठेच्या काठचं एक जुनं गाव आहे, हे फारसं कुणाच्या ध्यानात येत नाही. 1867 मध्ये फिट्झजेराल्ड पूल, म्हणजे आपला बंडगार्डनचा पूल, बांधला गेला आणि चारच वर्षांत पलीकडे मध्यवर्ती कारागृह उभं राहिलं. डेक्कन कॉलेजची दगडी इमारतही त्याच सुमाराची. पुण्याला मोठी मोकळी जागा लागली की नजर नदीपलीकडे जायची, आणि ती जागा कशासाठी द्यायची हे गावात ठरत नसे. पुढे शहर वाढलं, 1950 मध्ये महानगरपालिका झाली आणि येरवडा तिच्या जुन्या हद्दीत आलं. कळस, धानोरी, खराडी यांची पाळी 1997 मध्ये आली. 2017 मध्ये आणखी अकरा आणि 2021 मध्ये तेवीस गावं आत घेतली गेली. या प्रत्येक वेळी वाद झाला तो पाणी, रस्ते, कचरा आणि मिळकतकर यांवर. पण समावेशात गाव सर्वांत मोठी गोष्ट गमावतं ती सभा, आणि तिची भरपाई पुण्याने आजवर केलेली नाही, असं माझं मत आहे.

ग्रामपंचायतीचा कायदा पाहा. वर्षातून किमान चार ग्रामसभा घ्याव्याच लागतात. मतदारयादीत नाव असलेला कोणीही उठून सरपंचाला खर्चाचा हिशेब विचारू शकतो, लाभार्थ्यांची यादी सभेपुढे वाचली जाते. गावाचे सदस्य सात ते सतरा, आणि सगळे हाकेच्या अंतरावर. तेच गाव महापालिकेत गेलं की काय होतं? 2011 च्या जनगणनेवर आखलेल्या आजच्या पुण्यात 41 प्रभाग आहेत. एकेका प्रभागात सरासरी ऐंशी हजारांहून जास्त माणसं आणि त्यांचे बहुधा चार नगरसेवक. चौघांपैकी नेमकं कुणाला जाब विचारायचा, इथूनच अडचण सुरू होते. येरवड्यासाठी येरवडा-कळस-धानोरी क्षेत्रीय कार्यालय आहे. तिथे अर्ज देता येतो, सभा भरवता येत नाही. मार्च 2022 ते जानेवारी 2026 या काळात तर महापालिकेत निवडून आलेलं कुणीच नव्हतं, सारा कारभार प्रशासकाकडे होता. शहरांतही मतदारांच्या क्षेत्रसभा व्हाव्यात अशी तरतूद राज्याने 2009 मध्ये केली. ती कागदावर राहिली.

यावरचा सर्वांत भारी आक्षेप येरवड्याच्याच मातीतला आहे. गावाची सभा म्हणजे कुणाची सभा? चावडीवर पाटील बसायचा आणि महारवाडा गावकुसाबाहेर असायचा. 24 सप्टेंबर 1932 रोजी येरवडा तुरुंगात पुणे करार झाला, तेव्हा एका बाजूला ग्रामस्वराज्याचं स्वप्न पाहणारे गांधीजी होते आणि दुसऱ्या बाजूला बाबासाहेब आंबेडकर. पुढे नोव्हेंबर 1948 मध्ये घटना समितीत बाबासाहेबांनी खेड्याच्या गौरवीकरणावर कठोर प्रहार केला. तो प्रहार योग्य होता. अनेकांना शहर जवळचं वाटलं ते गावकीच्या जाचातून सुटका म्हणूनच, आणि त्या सुटकेचं मोल कमी लेखणाऱ्याने ग्रामसभेबद्दल बोलू नये. पण बाबासाहेबांचा रोख सभेतल्या विषमतेवर होता. 73 व्या घटनादुरुस्तीने पंचायतींत अनुसूचित जाती-जमातींना आणि स्त्रियांना राखीव जागा दिल्या, महाराष्ट्राने स्त्रियांचा वाटा निम्म्यावर नेला. सभा सुधारत होती, आणि नेमक्या त्याच काळात शहरालगतच्या गावांतून ती काढून घेतली गेली.

दुसरा आक्षेप क्षमतेचा. लाखभर वस्तीची भुयारी गटारं आणि धरणाचं पाणी ग्रामपंचायतीच्या आवाक्यातलं नाही, हे मान्यच आहे. पण जलवाहिनी टाकायला मोठी यंत्रणा लागते म्हणून गल्लीतला निर्णयही तिनेच घ्यावा, असं त्यातून निघत नाही. याचा पुरावा येरवड्यातच सापडतो. शहरांसाठीच्या केंद्राच्या जवाहरलाल नेहरू नागरी पुनरुत्थान अभियानाखाली इथल्या वस्त्यांत कच्ची घरं पाडून त्याच जागी सुमारे 270 चौरस फुटांची पक्की घरं बांधण्यात आली. दहा टक्के वाटा रहिवाशांचा होता. महिला मिलन या वस्त्यांतल्या स्त्रियांच्या संघटनेच्या बायका घरोघरी फिरल्या, आराखड्यांवर गल्लीगल्लीत चर्चा झाली, शेजार तोच राहिला. ज्यांची घरं आधीच पक्की होती त्यांना हात लावला नाही. काम सावकाश चाललं, कटकटीही झाल्या. पण कुणाला दूरच्या इमारतीत नेऊन टाकावं लागलं नाही. गावकीचा वारसा नसलेल्या, वेगवेगळ्या जिल्ह्यांतून आलेल्या माणसांनी हे केलं. म्हणजे सभेला जुनं गाव लागत नाही. लागतो तो हाकेच्या अंतरावरचा परिसर आणि निर्णयाचा थोडा अधिकार.

फुरसुंगी आणि उरुळी देवाची ही दोन गावं शहराच्या कचरा डेपोचा वास वर्षानुवर्षं सोसून 2017 मध्ये हद्दीत आली, पुढे बाहेर पडली आणि आता त्यांची स्वतंत्र नगरपरिषद आहे. येरवड्याला असं मागे फिरता येणार नाही, फिरायची गरजही नाही. क्षेत्रसभेची तरतूद कायद्यात आहे, महापालिकेत निवडून आलेले सदस्य पुन्हा बसले आहेत. येरवड्याच्या नगरसेवकांनी पहिली क्षेत्रसभा गावठाणात बोलवावी आणि प्रभागाच्या खर्चाचा हिशेब तिथे वाचून दाखवावा.