फुलदाणी भरलेली, तरी फुलं का सुकतात? उन्हाळ्यात फुलं टिकवण्याची सोपी रीत

लग्नात मिळालेला गुलाबांचा गुच्छ दुसऱ्याच दिवशी माना टाकतो. फुलदाणीत पाणी तर काठोकाठ असतं. मग चुकतं कुठं?

जालना जिल्ह्यात उन्हाळ्यात पारा ४० अंशांच्या पुढे जातो. त्यात २०१२-१३ चा दुष्काळ पाहिलेल्या घरात रोज फुलदाणीभर पाणी ओतून द्यायचं जिवावर येतं. पण फुलांना पाणी फार नको, स्वच्छ हवं.

फूल सुकतं कशामुळे?

फूल कापल्यावरही पानं-पाकळ्यांतून पाणी उडत राहतं. ही तूट देठातल्या बारीक नळ्या भरून काढतात. या नळ्यांत हवा शिरली किंवा पाण्यात वाढलेल्या जिवाणूंनी त्या तुंबल्या, की पाणी वर चढत नाही. पाण्यात उभं असूनही फूल तहानलेलंच राहतं. उन्हाळ्यात पाणी लवकर उडतं आणि जिवाणूही झपाट्यानं वाढतात.

मग काय करायचं?

- फुलदाणी साबणानं घासून घ्या.
- धारदार सुरीनं देठाचं टोक २-३ सेंटीमीटर तिरकं कापा आणि देठ लगेच पाण्यात ठेवा.
- पाण्यात बुडणारी पानं काढा, ती आधी कुजतात.
- जरबेराला चार बोटं पाणी पुरे, त्याचा देठ लवकर सडतो. गुलाब जास्त पाणी पितो, त्याची पातळी बघत राहा.
- पाणी रोज बदला. जुनं पाणी कुंडीत घाला, म्हणजे वाया जात नाही.
- फुलदाणी पंख्याखाली किंवा पिकलेल्या आंब्या-केळ्यांजवळ ठेवू नका. फळांतून निघणाऱ्या इथिलीन वायूनं फुलं लवकर कोमेजतात.

साखर किंवा नाणं टाकावं का?

नुसती साखर फुलाबरोबर जिवाणूंनाही पोसते. नाण्याचा उपाय तांब्याच्या भरवशावर सांगितला जातो, पण आजचा रुपया स्टेनलेस स्टीलचा आहे. लिंबू आणि ब्लीच मात्र कधीच एकत्र करू नका, त्यातून विषारी क्लोरीन वायू निघतो.

गजरा आणि झेंडूचं काय?

बिनदेठाची फुलं पाणी पिऊ शकत नाहीत, म्हणून आतला ओलावा जपायचा. मोगऱ्याचा गजरा ओल्या, घट्ट पिळलेल्या फडक्यात गुंडाळून डब्यात घाला आणि फ्रिजमध्ये ठेवा. दसऱ्याचा झेंडू मात्र ओला ठेवला की काळा पडतो. तो कोरड्या कागदावर, गार जागी पसरून ठेवा.

आज घरी गेल्यावर फुलदाणीतल्या पाण्याचा वास घेऊन बघा. कुबट वास आला, तर फुलं का सुकतायत ते कळलंच म्हणून समजा.