माल्टा बेटांतील पास्त्याचा व्यापार

उन्हाळ्यांत वर्षाच्या शेवया करून, कडक वाळवून, डब्यांत भरून ठेवण्याची चाल आपल्या घरांतून पिढ्यान् पिढ्या चालत आली आहे. इटलीचा सुका पास्ता हा त्या शेवयांचाच युरोपांतील नातलग होय. दोहोंचें मर्म एकच. मळलेल्या पिठाला आकार देऊन त्यांतील पाणी इतकें काढावयाचें कीं, पदार्थ दीर्घकाळ टिकावा. आपल्या शेवयांनीं घरचा उंबरठा क्वचितच ओलांडला. पास्ता मात्र फार पूर्वीच गलबतांत बसून व्यापारास निघाला. ११५४ सालीं पालेर्मोच्या राजदरबारीं आपला ग्रंथ पुरा करणाऱ्या अल्-इद्रिसी या भूगोलवेत्त्यानें, सिसिलींतील त्राबिया गांवीं 'इत्रिया' नामक शेवया होतात व त्या जहाजें भरभरून परदेशीं जातात, अशी नोंद करून ठेविली आहे.

त्याच सिसिलीच्या दक्षिणेस सुमारें ९० किलोमीटरांवर माल्टा हा चिमुकला देश आहे. क्षेत्रफळ ३१६ चौरस किलोमीटर, म्हणजे बृहन्मुंबईच्या निम्म्याहून किंचित् अधिक. आणि लोकसंख्या साडेपांच लाखांच्या आसपास. येथील भाषा अरबी कुळांतील. पास्त्याला ती 'आजीन', म्हणजे मळलेली कणीक, असें म्हणते. आणि बारीक शेवयांना 'तार्या'. 'इत्रिया' शब्दाचेंच हें झिजलेलें रूप आहे. पदार्थ असा घरोघरचा. परंतु जमीन थोडी व खडकाळ, पाऊस अपुरा. त्यामुळें बहुतेक सर्व गहूं बाहेरून येतो, आणि पास्ताही मुख्यतः इटलीहूनच येतो.

वाचकांस वाटेल कीं, शेजारच्या देशांतून न नासणारा माल आणून विकण्यांत अवघड तें काय? सुक्या पास्त्यांत ओलावा शेंकडा साडेबारांहून अधिक नसावा, असा इटलीचा दंडक आहे. म्हणून तो दोन-तीन वर्षें सहज टिकतो. खरी अडचण टिकण्याची नसून प्रमाणाची आहे. मोठ्या कारखान्याला या बेटाची मागणी म्हणजे समुद्रांतील ओंजळ. इकडे गिऱ्हाइकाला तर प्रत्येक आकार निराळा हवा. पेजेसारख्या पातळ रश्शांत तार्या, भट्टींत भाजावयाच्या 'तिंपाना' नामक सामिष पक्वान्नांत मॅकरोनीच्या नळ्या, आणि नित्याच्या जेवणास स्पॅगेटी. नळीच्या पोटांत वारा भरलेला. वजन भरण्यापूर्वींच पेटारा भरतो, आणि व्यापाऱ्यास त्या वाऱ्याचेंही भाडें द्यावें लागतें. माल अधिक आणावा तर भांडवल कोठारांत अडकतें. थोडा आणावा तर भाड्याचा बोजा प्रत्येक पुड्यावर चढतो.

त्यांत २००४ सालीं माल्टा युरोपीय संघांत सामील झाला. आतां इटलीच्या मालावर जकात नाहीं. २००८ पासून नाणेंही एकच. एखाद्या कारखान्याची अडत मोठ्या कष्टानें मिळवावी, आणि शेजारच्या दुकानदारानें सिसिलींतील घाऊक पेढीवरून तोच माल मालमोटारींत घालून, ती मोटार जहाजावर चढवून परस्पर आणावा, हें आतां सर्वस्वीं कायदेशीर आहे. गिऱ्हाइकाच्या दृष्टीनें हें बरेंच झालें. अडत्यास मात्र आपला नफा आटोक्यांत ठेवणें भाग पडलें.

परंतु स्वस्ताई एवढाच या व्यापाराचा निकष नव्हे. आपल्याकडे जालियनवाला बागेचा संहार झाला त्याच १९१९ सालीं, ७ जून रोजीं, माल्टांत भाकरीच्या महागाईनें लोकक्षोभ उसळला. जमावाचा रोष परक्या सत्तेवर होता, तसाच पिठाच्या व्यापाऱ्यांवरही होता. आणि ब्रिटिश सैनिकांच्या हातून चार माल्टी प्राणांस मुकले. तो दिवस तेथें आजही राष्ट्रीय दिन म्हणून पाळतात. पुढें १९४२ च्या वेढ्यांत बेट उपासमारीच्या काठावर आलें. ऑगस्ट महिन्यांत निघालेल्या १४ मालवाहू जहाजांपैकीं अवघीं ५ बंदरास लागलीं, आणि तेवढ्यांवर देश तगला. ज्याचें अन्न समुद्रावरून येतें, त्या देशांत आयात करणाराच्या हातीं नुसता तराजू नसतो, प्रजेचा जीव असतो.

म्हणूनच २०२४ च्या फेब्रुवारीपासून तेथील सरकारनें आयातदार व दुकानदार यांच्याशीं बोलणें करून कांहीं नित्याच्या खाद्यवस्तूंच्या किंमती शेंकडा १५ नीं उतरविल्या, तेव्हां त्या यादींत पास्ताही होता. व्यापाऱ्यास ही सक्ती वाटो वा सौजन्य. १९१९ ची आठवण असलेल्या देशांत तिचा अर्थ उघड आहे.

आमच्या मतें, लहान देशांतील चांगला आयातदार तोच कीं, जो कोठारांत कांहीं महिन्यांचा माल नेहमीं राखून ठेवतो, आणि टंचाईच्या दिवशीं त्याचा भाव वाढवीत नाहीं. सुकें अन्न सांठवितां येतें, हा त्याचा गुण खराच. पण तें सांठवून ठेवावयाचें लोकांकरितां कीं भाववाढीकरितां, हें ठरविणें व्यापाऱ्याच्या नीतीवर असतें. आपल्या घरांतील वडीलधाऱ्या स्त्रिया शेवयांचा डबा अडीअडचणीच्या वेळेसाठीं राखतात. माल्टाच्या व्यापाऱ्याला सबंध देशाचा तो डबा राखावयाचा असतो.